तीन अक्षरांचं कासव

घाटकोपरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, दोन्ही डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसले असताना माझी आणि काकांची ओळख झाली. थेंब घातले की तासभर काही वाचता येत नाही. माझ्यासारख्या बाईला तासभर नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. पर्समध्ये सकाळच्या इंग्रजी पेपरातलं गूढ शब्दकोडं घडी घालून ठेवलं होतं आणि त्यातले पाच शब्द राहिले होते. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. कान देऊन ऐकलं, तर तेही त्याच कोड्यातली एक ओळ पाठ केल्यासारखी घोळवत होते. मी म्हटलं, "चौदा आडवा ना? तो मला आलाय." ते मिटल्या डोळ्यांनीच माझ्याकडे वळले आणि सगळा दवाखाना दचकेल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "सांगू नका! फक्त कटिंग द्या."

कटिंग म्हणजे अर्धा चहा, हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. काकांच्या मंडळींत कटिंग म्हणजे अर्धी मदत. ओळ कुठे फोडायची तेवढं दाखवायचं आणि गप्प बसायचं. अख्खं उत्तर मागितलं तर ते 'फुल', आणि ते मागताना माणूस जरा ओशाळतो. संध्याकाळी सात वाजेपर्यंत उत्तराचा उच्चार करायचा नाही. त्या दिवशी मी काकांना चौदा आडव्याची कटिंग दिली, त्यांनी मला सहा उभ्याची दिली, आणि डोळे निवळायच्या आत माझे पाचही शब्द सुटले होते. घरी पोचेपर्यंत त्यांनी मला मोबाइलवरच्या त्यांच्या ग्रुपमध्ये घेतलंही होतं.

आमचे हे गेल्यानंतर इंग्रजी पेपर बंद करायचा राहून गेला म्हणून तो येत होता, आणि येत होता म्हणून मी कोडं सोडवायला लागले होते, एवढीच माझी तयारी. मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण त्या भाषेची अशी गंमत करता येते हे मला या लोकांनी शिकवलं. बोरिवलीपासून भांडुपपर्यंत विखुरलेली ही माणसं, एकमेकांच्या घरी फारशी कधी गेलेली नाहीत, पण कुणी अडलं की चहा गाळता गाळता कटिंग देतात. मी अडाणी होते तेव्हा कुणी हसलं नाही. माझ्या हातात उत्तर कोंबलंही नाही. एवढ्या अदबीने मला आयुष्यात कुणी काही शिकवलेलं नाही, आणि हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांची थोडी बदनामी होणार आहे.

माझी बदनामी मात्र पहिली. मला राग पटकन येतो. शाळेत मी खडू फेकून मारायची, आणि नेमही चांगला होता. ग्रुपमध्ये वर्षभरात तरबेज झाले, सगळे मला 'बाई' म्हणायला लागले, तसा खडू पुन्हा हातात आला. रोज सकाळी साडेआठला मी स्वतः रचलेलं एक मराठी कोडं ग्रुपवर टाकायला लागले. एक ओळ, आणि शेवटी उत्तरात किती अक्षरं आहेत तो आकडा. उदाहरणार्थ, 'आजोबा गच्ची झाडतात, आत फुलं दिसतात. 2'. यात आजोबांशी आपल्याला काही देणंघेणं नसतं. 'आजोबा गच्ची' या अक्षरांच्या आत 'बाग' लपलेली असते, ती शोधायची. वाक्याचा वरवरचा अर्थ सोडून द्यायचा, हा या खेळातला पहिला धडा.

तो धडा आमच्यातल्या एकाच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हता. भांडुपचा लिफ्ट मेकॅनिक, वय पंचेचाळीसच्या आसपास, वडील गिरणीत होते, गाव कणकवलीकडे. काकांच्या बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त करायला आला असताना काका पायरीवर कोडं सोडवत बसलेले त्याने पाहिले. लेकीला इंग्रजीत मदत करता यावी म्हणून तोही ग्रुपमध्ये आला. मुलुंडला माझ्या बिल्डिंगच्या गेटवर येऊन माझी जुनी जाडजूड डिक्शनरी घेऊन गेला, तीही दोन हातांनी धरून, देवाचा फोटो नेतात तशी. रोज न चुकता प्रयत्न करायचा आणि रोज चुकायचा. बागेच्या त्या कोड्याला त्याने संध्याकाळी उत्तर पाठवलं, "बाई, आजोबांना गच्ची कशाला झाडायला लावतात? पडतील ना. घरात दुसरं कोण नाय काय?"

मी सगळ्यांच्या देखत लिहिलं, "अरे, आजोबा नाहीतच तिथे! वरवरचा अर्थ धरून बसशील तर तुला हे कधीही जमणार नाही." त्यावर त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये पडले.

मुलाचं सांगायचं राहिलं. मुलगा, सून आणि नात बंगळुरूला असतात, आणि हे गेल्यापासून चार वर्षं तो मला तिकडे बोलावत होता. वर्षभरापूर्वी मी स्वयंपाकघरात घसरले होते. नुसता मुका मार होता, पण तेव्हाच त्याने बजावलं होतं, "आई, आणखी एकदा पडलीस ना, की मी काही ऐकणार नाही. मुलुंडचं घर बंद आणि तू माझ्याकडे." मी हो म्हटलं, कारण पुन्हा पडायचा माझा विचार नव्हता. हे घर मला सोडायचं नव्हतं. इथे मी एकटी असते, पण माझ्या वेळेला उठते, माझ्या मनाने जेवते, माझं कोडं माझ्या टेबलावर असतं. मुलावर प्रेम आहेच, तो प्रश्न नव्हता. पडले ही बातमी त्याला कळली तर हे घर माझ्या हातून गेलं, एवढंच मला ओल्या लादीवर पडल्या पडल्या कळत होतं.

उजवं मनगट अंगाखाली आलं होतं आणि त्याला हात लावायची सोय नव्हती. दार आतून कडी लावलेलं, आणि ते आत उघडणारं, त्याला माझाच पाय अडलेला. बाथरूममध्ये फोन नेऊ नये हे मी नातीला किती वेळा ओरडून सांगितलं असेल, पण साडेआठचं कोडं पाठवायला विसरायला नको म्हणून त्या दिवशी मीच तो आत नेला होता. तो स्टुलावरून ओढून घेतला. समोरच्या शेजारणीला लावला. ती नाशिकला लेकीकडे गेलेली, तिने उचलला नाही. वॉचमनचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता आणि फ्रिज बाहेर होता. यादीत सगळ्यात वर मुलाचं नाव. ते मी अंगठ्याने खाली सरकवलं.

मग ग्रुप उघडला आणि डाव्या अंगठ्याने लिहिलं, 'पडले, उठता येत नाही. दार आतून बंद आहे. कोणीतरी या.' पुढे घराचा नंबर लिहायचा होता, तीनशे चार. तीन दाबला आणि शून्याकडे जाताना भलतंच बटण दाबलं गेलं. मेसेज गेला. फोन हातातून निसटला आणि ओल्या लादीवरून सरळ वॉशिंग मशिनखाली गेला.

त्यानंतर टिंग वाजलं. मग पुन्हा टिंग. मग टिंग टिंग टिंग. मशिनखालून एकसारखे मेसेज येत होते आणि मला हुंदका आवरेना. एवढी माणसं माझ्यासाठी धावाधाव करताहेत, कोण गाडी काढतंय, कोण कुणाला कळवतंय, आणि मी यांच्यावर खेकसते! प्रत्येक टिंगला मी मनातल्या मनात हात जोडत होते. ते मेसेज मी दुपारी हॉस्पिटलमध्ये वाचले.

साडेआठची वेळ, माझी एक ओळ आणि शेवटी आकडा. सगळ्यांना ते रोजचं कोडं वाटलं. तीन अक्षरी शब्द हवा होता. बोरिवलीहून कुणीतरी 'शिंपला' सुचवला, कारण त्याचं दार आतून बंद असतं. पण शिंपला पडला तर काय, त्याला कुठे उठायचं असतं, असा आक्षेप आला. एकाने कटिंग मागितली. 'बाई कटिंग देत नाहीत, म्हणजे सोपं असणार,' असं दुसऱ्याने लिहिलं. आणि मग सातचा नियम मोडून काकांनी मोठ्या अक्षरांत टाकलं, 'कासव! उताणं पडलं की उठता येत नाही, आणि दार आतून बंद!' त्यावर टाळ्या, झकास, क्या बात है. त्या टाळ्यांच्या टिंगांना मी बाथरूममध्ये रडत होते.

या सगळ्याच्या मध्ये भांडुपकराचा एक मेसेज होता, 'बाई खरंच पडल्या असतील तर?' त्याच्याखाली कुणीतरी त्याला समजावलं होतं, 'अरे, वरवरचा अर्थ सोड. बाईंनी कालच सांगितलं ना तुला.' त्यानंतर त्याने ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं. त्याने मला दोनदा फोन केला होता, तो मशिनखाली वाजलेला मी ऐकला होता. आणि मग त्याने बाइक काढली होती.

पाऊण तास झाला असेल. बाहेर लोखंडी काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग वॉचमनचा आवाज, मग त्याचा. "बाई! खंय आसात?" घाबरला की तो मालवणीवर येतो. मी ओरडले. तो दाराशी बसला. "काय्येक होवचा नाय बाई, मी आसंय. उजवा हात हलवू नका. डावा पाय दिसतोय मला फटीतून, तो जरा मागे घ्या. जरासाच. अजून जरासा." आयुष्यभर मी लोकांना सूचना दिल्या, त्या दिवशी पहिल्यांदा एकेक सूचना मुकाट पाळली. त्याने फटीतून पातळ पट्टी घालून कडी वर सरकवली, दार वीतभर उघडलं, आणि हात आत घालून आधी माझ्या अंगावर टॉवेल टाकला. मगच दार पुढे ढकललं.

रिक्षात मी त्याला विचारलं, "तुला माझं घर कसं कळलं? तू तर गेटच्या आत आला नव्हतास."

"तुम्हीच लिहिलं होतं ना, तीन. गेटवर वॉचमन नव्हता, म्हटलं तिसरा मजला असणार. तिसऱ्या मजल्यावर दोन दारं उघडली, एकाला बाहेरून कुलूप, चौथं कुणी उघडलं नाय, म्हणजे तेच."

मनगट मोडलं होतं. कंबर शाबूत होती, त्याबद्दल डॉक्टरांचे आणि नशिबाचे आभार. प्लास्टर होईपर्यंत तो कामावर सुट्टी सांगून बाहेर बसून राहिला. मी त्याला 'काल मी फार वाईट बोलले' असं म्हणाले, तर त्याने मान हलवली, "खरं तेच बोललात. मला नाय जमत ते." मला इतकी शरम वाटली की मी भिंतीकडे तोंड केलं.

मात्र तासाभरातच मी त्याच्यावर पुन्हा भडकले. फॉर्मवर नातेवाइकाचं नाव हवं होतं. मी म्हटलं, कोणी नाही असं लिही. तो म्हणाला, "मुलगा आहे ना? मग आहे." तेवढ्यात अकरा वाजता मुलाचा रोजचा फोन आला. मशिनखालून काढलेला फोन याच्याच हातात होता. मी मानेने नको नको म्हणत असताना त्याने तो उचलला आणि सांगून टाकलं, "बाई पडल्या. हात मोडलाय. बाकी ठीक आहेत. मुलुंडला हॉस्पिटलमध्ये आहोत, तुम्ही या." चार वाक्यांत माझं घर गेलं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो निमूटपणे माझ्यासाठी इडली आणायला गेला.

संध्याकाळी काका आले, मान खाली घालून. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, दादरला गाडी बदलून मुलुंडला आला होता आणि त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. "कासव मीच म्हटलं," एवढंच बोलले आणि डोळे पुसायला लागले. मी म्हटलं, "काका, उत्तर उत्तम होतं. मला स्वतःला एवढं चांगलं कोडं कधी रचता आलं नाही." मग आम्ही दोघं हसलो आणि हसताना माझं मनगट ठणकलं.

मुलगा त्याच रात्री पोचला. दुसऱ्या दिवशी त्याने ग्रुपवरचे मेसेज वाचले आणि संतापला. राग त्याने माझ्याकडूनच घेतलाय. "आई, तू आत पडलेली आणि हे शहाणे कासव-कासव खेळत होते? या लोकांच्या भरवशावर राहतेस तू?" त्याने माळ्यावरून बॅगा काढल्या.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, बाहेरच्या दाराचं तोडलेलं कुलूप बदलायला आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला. कुणी सांगितलं नव्हतं. आत त्याचं ड्रिल चालू होतं आणि बाहेरच्या खोलीत मुलगा माझ्या साड्यांच्या घड्या घालत होता, वाकड्यातिकड्या.

मी म्हटलं, "तुमच्याकडे तो ए.सी. मला सोसत नाही."

"खोलीत पंखा बसवलाय आई, गेल्या उन्हाळ्यातच."

"माझी पुस्तकं कुठे मावणार?"

"सांगितलं होतंस ना मागे. भिंतभर कपाट करून घेतलंय. फोटो पाठवला होता."

"आणि तिथलं पाणी..."

"फिल्टर बदलला. तू कुंड्यांचं म्हणाली होतीस, त्यासाठी बाल्कनीत कट्टाही केलाय."

ड्रिल थांबलं होतं. मेकॅनिक बाथरूमच्या दारात उभा होता, केसांवर सिमेंटची धूळ. भांडण लावायचा वगैरे त्याचा काही हेतू नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "बाई," तो म्हणाला, "तुमका जावचा आसा की नाय, ता सांगा ना."

मग मी मुलाला सांगितलं. म्हटलं, मला यायचं नाही. तुझ्यावर माया आहे, सूनबाई चांगली आहे, नातीची आठवण रोज येते, पण मला इथेच राहायचं आहे. परवा मी खूप घाबरले होते, मरते की काय असं वाटलं, तरीही इथेच. एवढं सरळ मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते.

त्याच्या हातात माझी निळी साडी होती. ती तशीच धरून तो पलंगावर बसला. "मग पंखा, पाणी, पुस्तकं हे सगळं काय होतं?"

"त्या प्रत्येकातून मी 'नाही' म्हणत होते."

"चार वर्षं?"

मी मान हलवली.

"मला वाटायचं, तुला यायचंय पण काहीतरी अडतंय," तो म्हणाला. "तू एक सांगायचीस, मी ते करून घ्यायचो. वाटायचं, आता एवढं झालं की आई येईल. त्या खोलीत आम्ही पाहुण्यांनासुद्धा झोपवत नाही."

मला रडू फुटलं. चार वर्षं हा मुलगा मी टाकलेली एकेक ओळ खरी धरून सोडवत बसला होता, आणि मी त्याला बरोबर की चूक तेवढंही सांगितलं नव्हतं. शाळेत एखाद्या मुलाशी अशी वागले असते तर स्वतःलाच खडू मारला असता. त्याची मी माफी मागितली. मेकॅनिक हळूच आत गेला आणि ड्रिल पुन्हा सुरू झालं.

बॅगा माळ्यावर गेल्या, पण सहज नाही. दोन दिवस वाद झाले. शेवटी मुलगा म्हणाला, राहा, पण रोज सकाळी कशी आहेस ते मला लिहायचं, आणि जे असेल तेच लिहायचं. बाथरूमची कडी आता बाहेरूनही उघडते, घराची एक किल्ली वॉचमनकडे असते आणि एक भांडुपला. ग्रुपवर मी अजून आहे, साडेआठचं कोडं मात्र काकांकडे सोपवलं. सकाळचे माझे दोन शब्द मुलाला जातात. 'बरी आहे.' 'हात दुखतो.' 'झोप नीट झाली नाही.' सुरुवातीला असं लिहिताना मला फार उघडं पडल्यासारखं वाटायचं.

मागच्या महिन्यात एका सकाळी काहीच झालं नव्हतं. हात बरा होता, कोडं सुटलं होतं, कामवाली वेळेवर आली होती. मी लिहिलं, 'आज एकटं वाटतंय. ये.' पाठवल्यावर पुसून टाकायला गेले, पण त्याने वाचलेलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. मी दिवसभर स्वतःवर चिडत राहिले. संध्याकाळी दार वाजलं. तो उभा होता, पाठीला ऑफिसची बॅग, हातात काही नाही.

"काय झालं आई?"

"काही नाही. लिहिलं तेवढंच."

"बरं," म्हणाला, आणि चपला काढून आत आला.